अठरा, एकवीस आणि हायवे

अमेरिकेत अठराव्या वर्षी मत देता येतं, सैन्यात जाऊन लढता येतं, पण बिअरची बाटली विकत घ्यायला एकवीस पूर्ण व्हावी लागतात. तिकडे शिकणारा माझा भाचा फोनवर विचारतो, "मामा, हा कुठला न्याय?" प्रश्न रास्त आहे. पण हा एकवीसचा आकडा आला कुठून, ते पाहिलं की गंमत वाटते आणि वाईटही वाटतं.

१९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि दारूचे कायदे राज्यांच्या हाती आले. बहुतेक राज्यांनी एकवीसची मर्यादा ठेवली. मतदानाचं वयही तेव्हा तेच होतं. पुढे व्हिएतनामचं युद्ध पेटलं. अठरा वर्षांची पोरं तिकडे मरत होती. मरायला चालतात, मग मत द्यायला का नाही? १९७१ साली घटना बदलली, मतदानाचं वय अठरावर आलं. त्याच ओघात १९७० ते ७५ दरम्यान २९ राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं.

घोळ झाला तो इथे. एका राज्यात अठरा, शेजारी एकवीस. पोरं रात्री गाडी काढून हद्दीपलीकडे जायची आणि पिऊन परत यायची. सगळीच परत पोचायची नाहीत. त्या हद्दींना लोक 'रक्ताच्या सीमा' म्हणू लागले.

१९८० साली कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली. त्यांनी आयांची संघटना उभारली आणि देश हलवला. आता पाहा, तो ड्रायव्हर पोरसवदा नव्हता, चांगला मध्यमवयीन होता आणि आधीही पकडला गेलेला होता. शिवाय कॅलिफोर्नियात मर्यादा एकवीसच होती! तरी त्या चळवळीतून १९८४ चा कायदा आला. राज्यांच्या हक्कांचा कैवार घेणाऱ्या रेगन यांनीच त्यावर सही केली. कायद्याने सक्ती केली नाही, फक्त एकवीस न करणाऱ्या राज्याचा हायवेचा निधी कापला, आधी ५ टक्के, मग १०. साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि १९८७ साली हरलं. १९८८ पर्यंत सगळी राज्यं एकवीसवर आली.

२००८ साली शंभराहून अधिक कॉलेजांच्या अध्यक्षांनी या वयाची पुन्हा चर्चा करा, असं निवेदन काढलं. म्हणणं असं की पिणं थांबलं नाही, ते बंद खोलीत गेलं आणि घटाघट झालं. विरोधकांनी अपघातांत वाचलेले जीव मोजून दाखवले. खरं तर सीट बेल्ट आणि कडक तपासणीही त्याच काळातली. कॅनडात मर्यादा अठरा-एकोणीसच राहिली, तिथेही असे मृत्यू घटले.

मला वाटतं, एकवीस हे शहाणपणाचं वय नाहीच, ते मोटारीचं वय आहे. रात्री बस नसलेल्या देशाने काढलेला तो तोडगा आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस, शिवाय १९४९ च्या कायद्याखाली परवाना. तो परवाना आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलाय? कागदावर आकडा चढवला म्हणजे रस्ता सुरक्षित होत नाही.

म्हणून भाच्याला एवढंच म्हटलं, वय खुशाल कमी करा म्हण. पण आधी सांग, रात्री घरी कसा येणार?