जेकेग्रामची पहिली पाळी

मोबाइल घरीच ठेवा. घड्याळ चालेल, पण किल्ली द्यायचं. अंगात सुती सदरा, पायात चपला, पिशवीत डबा. आपल्याला 1972 च्या ठाण्यात पहिल्या पाळीला जायचंय. पाय उचला, नाहीतर आजचा रोज बुडेल.

मे महिना आहे. उजाडलंही नाही, तोवर मानेवरून घामाची धार पाठीत उतरलीय. हायवेपाशी क्षणभर थांबून श्वास घ्या. कॅडबरीच्या कारखान्यातून कोकोचा गोडसर, करपट वास येतोय आणि तुमच्या पोटात तर चहासुद्धा गेलेला नाही! पुढे येऊरचे डोंगर, रस्ताभर सायकलींच्या घंटा, बिड्यांचा धूर. कुणी सातारी हेल काढतंय, कुणी मालवणीत भांडतंय, कुणी भोजपुरीत हसतंय. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, पोखरण रोडवरच्या रेमंडच्या लोकरीच्या गिरणीच्या फाटकाकडे.

मुकादम तुम्हाला खालून वर न्याहाळतो. "नवीन बदली काय रे? कुठला तू?" गावाचं नाव सांगा, साल नको.

तुम्हाला धुलाईवर टाकलंय. गाठी फुटतात आणि ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांचा वास अंगावर धावून येतो. मेणचट, आंबूस, ओल्या कळपाचा. लोकर गरम पाण्यात, साबण-सोड्यात डुंबते, पाणी राखाडी होतं, वाफ डोळ्यांत जाते. बाहेर उन्हाळा, आत त्याहून मोठा उन्हाळा. पण अर्ध्या तासाने स्वतःचे तळवे चोळून पाहा. लोकरीतलं तेल मुरून ते मऊ पडलेत.

पुढे सूतकताई. धागा तुटू नये म्हणून इथली हवा दमट ठेवतात. धाग्याची काळजी आहे, तुमची कोण करतो! सदरा पाठीला चिकटतो, भुवयांवर लोकरीची लव बसते. त्याच्याही पुढे विणाई. दार उघडताच धोट्यांचा खडखडाट छातीवर आदळतो. इथे बोलायचं नसतं. ओठ वाचायचे, हातवारे करायचे. बिडीची खूण दोन बोटांची, साहेब येतोय याची खूण भुवईची.

जेवणाची सुट्टी झाली. कँटीनमध्ये भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि लसूण यांच्या वासाने मेंढ्यांना अखेर हरवलंय. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याशी हात मिळवा. अरे बाप रे, तळवा आहे की करवंटी!

"कानस खात्यातला मी," तो हसतो. "तुझा हात मऊ. धुलाईवर ना?"

होय, लोकरीच्या गिरणीच्या शेजारी कानशी बनतात. म्हाताऱ्याचा भाऊ गिरणीत जुना माणूस, तो गोष्ट पुरी करतो. "आम्ही लागलो तेव्हा मिलिटरीची कांबळी निघायची. पांघरली की रात्रभर खाजवत बसायचं. मग कानपूरचे शेठ आले." म्हणजे कैलासपत सिंघानिया. 1944 मध्ये त्यांनी ही गिरणी घेतली. घराण्याचे जुग्गीलाल आणि त्यांचे चिरंजीव कमलापत यांची आद्याक्षरं म्हणजे जे. के. आता गावाहून येणाऱ्या पोस्टकार्डावर पत्ताच असतो जेकेग्राम. कांबळ्यांवरून माल सुटाच्या कापडावर गेला. कानशी आल्या. 1969 मध्ये शाळाही निघाली.

म्हाताऱ्याबरोबर त्याच्या खात्यात डोकावून या, पण कानांत बोळे घाला. लालबुंद पोलादाच्या कांबी ठोकून त्यांना आकार देतात. छिन्नी टकटकटक करत एकेक दात कापते. मग पुन्हा तापवून पाण्यात बुचकळतात. चर्रर्र! जिभेवर लोखंडाची चव येते. इथून निघालेली कानस उद्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या फिटरच्या हातात असेल. एकाच घराण्याचा माल, पण एक खातं माणसाचा हात मऊ करतं आणि दुसरं सोलून काढतं.

पाळी सुटायच्या आत तयार कापडाकडे चला. तिरक्या टेबलावर, उजेडासमोर कापड ताणलंय. सुटलेला एकेक धागा सुईने भरतात. मागून वाफेची इस्त्री. आता हात पुसा आणि बोट फिरवा. थंड, गुळगुळीत, भारी. ज्याने ते विणलं तो बनियनवर उभा आहे, घामाने निथळतोय. ठाण्यात सूट घालण्याइतकी थंडी पडते कधी? लेकाच्या लग्नात दोन तास घालायचा, आणि तेही पंख्याखाली.

भोंगा होतो. फाटकाबाहेर पडताना वर्षं जरा भरभर जाऊ द्या. 1986 मध्ये पार्क अव्हेन्यूचे तयार कपडे येतात. सिमेंट येतं, पोलाद येतं आणि 2000 च्या आसपास दोन्ही विकूनही टाकतात. इथल्या गिरणीतले साचे थांबतात. खडखडाटाची सवय झालेल्या कानांना शांतता टोचते. मग 2019 मध्ये घराण्याचा सर्वांत नवा माल बाजारात येतो. त्याला ना धुवावं लागतं, ना कातावं लागतं. तुम्ही दिवसभर जिच्यावर उभे होतात ती जमीन! तिच्यावर आता टॉवर चढतायत.

सॅम्पल फ्लॅट बघायला जरूर जा. आत शिरताच अंगावर काटा येईल. ठाण्यात सूट घालण्याइतका गारवा कुठे मिळतो ते विक्री कार्यालयाच्या एसीत कळेल.