दिनविशेष आणि शालेय ग्रंथालय : ज्ञानपंचमीपासून वाचन प्रेरणा दिनापर्यंत

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा अधिकारी व्यक्ती घेतीलच. या लेखात मी वेगळा, परंतु ट्रस्टच्या शैक्षणिक कार्याशी निकटचा विषय मांडत आहे. शाळांमधून वर्षभर अनेक राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दिन साजरे होतात. प्रतिमापूजन होते, दोन भाषणे होतात, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी सारे विस्मरणात जाते. हेच दिन शाळेच्या ग्रंथालयातून साजरे झाले तर काय घडू शकते, याचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य गेले कापडाच्या पेढीवर. तरीही हा इतिहास आपल्याच घरचा असल्यामुळे तो सांगण्याचे धाडस करीत आहे.

ग्रंथांचा उत्सव : आपली परंपरा

ग्रंथांच्या निमित्ताने एक दिवस राखून ठेवावा, ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. वस्तुतः जैन समाजात ती शतकानुशतके रूढ आहे. भगवान महावीरांची वाणी दीर्घकाळ मुखोद्गत परंपरेने जतन झाली. पुढे दुष्काळ व स्मरणशक्तीचा ऱ्हास यांमुळे ती लुप्त होण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी, मतांतराने ९९३ व्या वर्षी, सौराष्ट्रातील वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली श्वेतांबर परंपरेतील आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेनुसार गिरनारच्या गुहेत वास्तव्य करणाऱ्या आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना आपले श्रुतज्ञान दिले. त्यातून षट्खंडागमाची रचना झाली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस त्या ग्रंथाची पूजा झाली, म्हणून ती तिथी श्रुतपंचमी ठरली.

श्वेतांबर समाजात कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी होय. या दिवशी ज्ञानभांडारातील पोथ्या बाहेर काढल्या जातात, त्यांची धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात आणि मग पूजन होते. या क्रमात मोठे व्यवहारज्ञान आहे. पावसाळ्याचे चार महिने दमट हवेत राहिलेल्या पोथीस कसर लागण्याची भीती असते. पावसाळा सरल्यानंतर तिला वारा देणे आवश्यकच असते. कापडाचा व्यापारी या नात्याने मी सांगू शकतो की, बंद गाठोड्यातील माल न उघडता राहिला तर घडीघडीवर डाग पडतो. आपल्या पूर्वाचार्यांनी या आवश्यक कामाला धर्माचे अधिष्ठान दिले, म्हणूनच ते दरवर्षी न चुकता घडत राहिले.

योगायोग असा की, गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांची लाभपंचमीही त्याच तिथीला येते. दिवाळीनंतर पेढी उघडून नव्या चोपडीत पहिली नोंद करण्याचा तो मुहूर्त. एकाच दिवशी पेढीवर चोपडी उघडावी आणि उपाश्रयात पोथी उघडावी, यापेक्षा अर्थपूर्ण संगम कोणता असणार?

ज्ञानपंचमीच्या व्रताशी गुणमंजरी व वरदत्त यांची कथा जोडलेली आहे. पूर्वजन्मी गुणमंजरी ही एका श्रेष्ठीची पत्नी होती. गुरुजींनी मुलांना शिक्षा केली म्हणून तिने मुलांची शाळा सोडवली व त्यांच्या पाट्या-पुस्तके जाळून टाकली. त्याचे फळ म्हणून तिला पुढील जन्मी मुकेपण आले. वरदत्त हा पूर्वजन्मी आचार्य होता. शिष्यांना शिकवण्याचा त्याला कंटाळा आला, म्हणून पुढील जन्मी त्याच्या वाट्याला जडबुद्धी व व्याधी आली. पुस्तक नष्ट करणारी माता आणि शिकवण्यास कंटाळलेला गुरू, हे दोन्ही दोष आपल्या परंपरेने समान मानले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भांडारातून छापखान्याकडे

जैसलमेर येथे पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी स्थापिलेले ज्ञानभांडार आणि पाटण येथील भांडारे जगप्रसिद्ध आहेत. आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी यांनी या भांडारांतील हस्तलिखितांची व्यवस्था लावण्यासाठी आयुष्य वेचले. पाटणमधील विखुरलेले संग्रह एकत्र ठेवण्यासाठी १९३९ साली हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रात विदर्भातील कारंजा येथील भांडारे अपभ्रंश ग्रंथांसाठी अभ्यासकांना परिचित आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातही, १९१७ च्या स्थापनेनंतर लवकरच, शासकीय हस्तलिखितांचा जो संग्रह आला त्यात जैन ग्रंथांचा मोठा वाटा आहे.

तथापि, जतन केलेला ग्रंथ वाचला गेलाच पाहिजे असे नाही. षट्खंडागमाची धवला टीका कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर सुरक्षित होती. भाविक तिचे दर्शन घेत, परंतु वाचन जवळजवळ अशक्य होते. मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या नकला करविण्यासाठी प्रयत्न केले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावती येथून धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. सोळा खंडांचे हे कार्य १९५८ पर्यंत चालले. विदिशा येथील शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या नावाच्या साहित्योद्धारक फंडाने या प्रकाशनाचा भार उचलला. दर्शनाचा ग्रंथ वाचनाचा ग्रंथ झाला, तो विद्वानांच्या परिश्रमाने आणि व्यापाऱ्यांच्या द्रव्याने. ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी हा धडा विसरू नये.

आधुनिक दिनांचा उगम

आज शाळेत साजऱ्या होणाऱ्या दिनांमागेही अशीच एकेक घटना आहे. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. १९५२ साली ढाका येथे बंगाली भाषेच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले. त्याचे स्मरण म्हणून युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिन घोषित केला. २७ फेब्रुवारी हा कविवर्य कुसुमाग्रजांचा जन्मदिन मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेस सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे संशोधन जाहीर झाले. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतून ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन आला. युनेस्कोने १९६६ साली घोषित केलेला साक्षरता दिन ८ सप्टेंबरला, पुष्कळदा पर्युषणाच्या आगेमागे, येतो. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, म्हणून तो मानवी हक्क दिन.

खास ग्रंथांसाठी असलेले दिनही आहेत. २३ एप्रिल हा जागतिक ग्रंथ व स्वामित्वहक्क दिन युनेस्कोने १९९५ मध्ये ठरवला. शेक्सपिअर व सर्व्हान्तेस यांच्या १६१६ मधील निधनाशी ही तारीख जोडली जाते. राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह १४ ते २० नोव्हेंबर या काळात असतो. १९९९ पासून आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथालय दिन सुरू झाला आणि २००८ पासून संपूर्ण ऑक्टोबर महिना शालेय ग्रंथालयांना वाहिलेला आहे. त्याच महिन्यातील १५ तारीख, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो.

१२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या जन्माच्या स्मरणार्थ असतो. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील पहिल्याच सूत्राचा आशय असा की, ग्रंथ हे कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात. पुढील दोन सूत्रांत प्रत्येक वाचकास योग्य ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथास योग्य वाचक मिळावा, ही अपेक्षा आहे. दुकानात ताका उघडून दाखवल्याखेरीज गिऱ्हाइकाला पोत कळत नाही. ग्रंथाचेही तसेच आहे.

दिन आणि ग्रंथ यांची सांगड

शालेय ग्रंथालयाने दिन साजरा करावा म्हणजे काय करावे? पद्धत सोपी आहे. दिनाच्या आठ दिवस आधी त्या विषयाची पुस्तके कपाटातून काढून एका टेबलावर मांडावीत. कोणत्या घटनेमुळे हा दिन आला, हे एका फलकावर लिहावे. प्रत्येक वर्गातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी एकेक पुस्तक घरी नेऊन वाचावे आणि त्या दिवशी पाहुण्यांऐवजी त्यांनीच बोलावे. कार्यक्रम संपल्यावर ती पुस्तके पुन्हा कुलपात न जाता देवघेवीसाठी खुली राहावीत. दिन यशस्वी झाला की नाही, हे हारांवरून नव्हे, तर ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीवरून ठरवावे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर तीच खरी जमेची बाजू.

आपल्या शाळांना यात विशेष संधी आहे. २ ऑक्टोबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १५ जून २००७ च्या ठरावाने आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन म्हणून स्वीकारला. त्या निमित्ताने महात्मा गांधी व श्रीमद् राजचंद्र यांच्या संबंधाविषयी मुलांनी वाचावे. १८९१ साली मुंबईत या दोघांची भेट झाली. श्रीमद् हे जवाहिरीच्या व्यापारात असूनही अध्यात्मात अग्रेसर होते. ११ सप्टेंबरला १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेचे स्मरण होते. तेथे जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणाऱ्या वीरचंद राघवजी गांधी यांचे चरित्र स्वामी विवेकानंदांच्या चरित्राशेजारी ठेवावे. २२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. कुंभोज येथील जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणाचे दार उघडले. २७ फेब्रुवारीस श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाजवळील लेखाची माहिती द्यावी, कारण मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, हेही मुलांस सांगावे.

अडचणी आणि उपाय

यातील अडचणी नाकारण्याचे कारण नाही. पहिली अडचण दिनांच्या संख्येची. सर्वच दिन साजरे करू गेल्यास अध्यापनास वेळ उरणार नाही. म्हणून शाळेने वर्षास दहा-बारा दिन निवडावेत, पण ते मनापासून करावेत. दुसरी अडचण वेळापत्रकाची. श्रुतपंचमी बहुधा उन्हाळी सुट्टीत किंवा शाळा उघडण्याच्या गडबडीत येते, ज्ञानपंचमी दिवाळीच्या सुट्टीत, आणि २३ एप्रिल परीक्षांच्या धामधुमीत. तिथी मंदिरात पाळावी आणि शाळेतील उपक्रम जवळच्या सोयीच्या दिवशी घ्यावा. ज्ञानपंचमी व राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह हे बहुतेक वेळा जवळजवळ येतात, त्यांची सांगड सहज घालता येईल. मुलांनी स्वतः पुस्तके पुसावीत, फाटकी पाने चिकटवावीत, कव्हरे घालावीत. तीच आजची ज्ञानपूजा.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. कित्येक शाळांत पूर्णवेळ ग्रंथपाल नसतो. एखाद्या शिक्षकावर किल्ल्या सोपवलेल्या असतात आणि पुस्तक हरवल्यास भरपाई आपल्यालाच करावी लागेल या भयाने कपाटे बंद राहतात. त्या शिक्षकास दोष देणे अन्यायाचे ठरेल. वापराने पुस्तक झिजते, क्वचित हरवते. व्यवस्थापनाने ही झीज, व्यापारात घसारा धरतो त्याप्रमाणे, खर्चात धरली पाहिजे.

सुवर्णमहोत्सवाचे ऋण

महोत्सव कसा स्मरणात राहतो, याचे एक उदाहरण देऊन लेख संपवतो. १९७४ साली भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव देशभर साजरा झाला. मिरवणुका निघाल्या, मंडप उभे राहिले, आणि ते सारे काळाच्या ओघात गेले. परंतु आचार्य विनोबा भावे यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी सिद्ध केलेला आणि सर्व जैन संप्रदायांच्या संगीतीने मान्य केलेला ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्या वर्षाने मागे ठेवला. महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचा आग्रह नसता, तर चारही संप्रदाय एका ग्रंथावर एकत्र आले असते का, याचा विचार करावा.

आपल्या सुवर्णमहोत्सवासही हीच कसोटी लावावी, अशी विश्वस्त मंडळास व दानशूर समाजबांधवांस माझी नम्र विनंती आहे. कमान, मंडप व भोजन यांना त्यांचे स्थान आहेच. परंतु शाळेच्या ग्रंथालयासाठी एक कायमस्वरूपी निधी राखून ठेवावा. त्याच्या व्याजातून ग्रंथपालाचे मानधन, दरसाल नवी पुस्तके आणि झिजलेल्या पुस्तकांची बांधणी व्हावी. ज्यांना आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ दान द्यावयाचे असेल, त्यांनी एकेक दिन दत्तक घेऊन त्या दिनाच्या विषयाची पुस्तके द्यावीत. शतकमहोत्सवाची स्मरणिका लिहिणारी माणसे आज आपल्याच शाळेच्या बाकांवर बसलेली आहेत. त्यांच्या हाती आज पुस्तक पडले, तरच उद्या त्यांच्या हाती लेखणी येईल.

श्रुतदेवता आपणा सर्वांस ही सद्बुद्धी देवो.

जय जिनेंद्र!