दिव्यांग मुलाला निवासी संस्थेत ठेवताय? आधी हे तपासा

वणी : घरात मतिमंद किंवा ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेलं मूल असलं की आई-वडिलांना एकच घोर असतो, आमच्यामागं याचं कसं व्हायचं? शेतात, मजुरीला दोघंही जातात, घरी बघायला कुणी नसतं. मग निवासी संस्थेचा विचार होतो. पण यातल्या अनेकांना आपल्यावर काय बेतलं हे सांगता येत नाही. म्हणून पालकांनी स्वतः डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

दुर्लक्ष झालं तर काय होतं?

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील मृत्यूंची बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा संस्थांची तपासणी सुरू झाली. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या संस्थेतील मुलींवरचे अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. बाहेरची माणसं आत गेली, तेव्हाच हे कळलं.

नोंदणी आहे का?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. प्रमाणपत्र मागा, मुदत बघा. शंका असल्यास नाशिक जिल्हा परिषदेत दिव्यांग कल्याणाचं काम बघणाऱ्या कार्यालयात विचारा.

भेटीत काय बघावं?

• जेवणाच्या वेळी, न कळवता जा. ताटात काय आहे ते बघा.
• संडास-बाथरूम, अंथरूण-पांघरूण तपासा.
• रात्री किती कर्मचारी असतात? मुलींकडे महिला कर्मचारी आहेत का?
• फिटच्या गोळ्या कोण देतं, वहीत नोंद होते का?
• दिवसभर काही शिकवतात, की नुसतं बसवून ठेवतात?

‘वारंवार भेटायला येऊ नका’ असं सांगणारी संस्था टाळलेली बरी.

ठेवल्यानंतर

जागा बदलली की स्वमग्न मूल सुरुवातीला बिथरतं, हे स्वाभाविक आहे. पण वजन घटणं, अंगावर वळ, ठरावीक माणसाला बघून घाबरणं, हे दिसलं तर गप्प बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, फोटो काढून ठेवा.

१८ वर्षांनंतर

मूल सज्ञान झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आपल्यामागं संस्थेत जाऊन विचारपूस करणारं हक्काचं माणूस त्यामुळे ठरतं. भाऊ, बहीण, मामा यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

तक्रार कुठे?

तातडीची मदत ११२ वर, १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ वर मिळते. दिव्यांग व्यक्तीला मारहाण केली किंवा सांभाळणाऱ्याने मुद्दाम उपाशी ठेवलं, तर कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो.