वीस पौंड आणि सात वर्षांची उमेदवारी : युद्धात सर्वस्व गमावलेल्या इग्बो समाजाने व्यापारी कसे घडवले?

१/ १५ जानेवारी १९७० रोजी बियाफ्राने शरणागती पत्करली आणि नायजेरियातील यादवी युद्ध संपले. पूर्वेकडील इग्बो समाजाकडे उरले होते ते उद्ध्वस्त बाजार आणि मोल गमावलेल्या बँकठेवी. तरीही पुढील दोन दशकांत हा समाज देशाच्या व्यापारात पुन्हा पाय रोवून उभा राहिला. या पुनरुत्थानामागे एक जुनी प्रथा होती : ‘इग्बा बोई’, म्हणजे व्यापाऱ्याच्या हाताखाली पगाराविना राहून धंदा शिकण्याची उमेदवारी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात इग्बोंच्या कत्तली झाल्या आणि लाखो लोक दुकाने-घरे सोडून पूर्वेकडे परतले. ३० मे १९६७ रोजी ओजुक्वू यांनी बियाफ्राचे स्वातंत्र्य घोषित केले. जुलैमध्ये युद्ध पेटले. नाकेबंदीमुळे ओढवलेल्या उपासमारीने लाखो बळी घेतले.

३/ युद्ध संपताच राष्ट्रप्रमुख गोवोन यांनी ‘ना कोणी विजेता, ना कोणी पराजित’ अशी घोषणा केली. बँकेच्या खिडकीपाशी मात्र निराळा अनुभव येत होता. युद्धकाळात बियाफ्रातील खात्यांवर व्यवहार केलेल्या ठेवीदारांना सरसकट २० पौंड देण्यात आले. मूळ ठेव शंभर पौंडांची असो वा पाच हजारांची, हाती वीसच.

४/ १९७२ मध्ये दुसरा आघात झाला. परदेशी कंपन्यांची मालकी नायजेरियन नागरिकांकडे वळवणारा हुकूम निघाला. ज्यांच्यापाशी रोकड होती त्यांनी समभाग घेतले. वीस पौंडांवर संसार मांडणाऱ्यांना ते शक्यच नव्हते. पोर्ट हारकोर्टमधील इग्बोंची अनेक घरे ‘सोडून दिलेली मालमत्ता’ ठरून हातची गेली. भांडवल नाही आणि कर्जासाठी तारणही नाही, अशी ही कोंडी होती.

५/ उरली होती ती माणसे, नाती आणि व्यापाराची जाण. ऑका येथील लोहार पूर्वीपासून गावोगाव फिरत आणि सोबतच्या मुलांना कारागिरी शिकवत. नायजर नदीकाठच्या ओनित्शाची बाजारपेठ दूरवर ख्यात होती. न्नेवी गावचे लुई ओजुक्वू वाहतुकीच्या धंद्यातून गडगंज झाले आणि लागोसच्या शेअर बाजाराचे पहिले अध्यक्ष बनले. बियाफ्राचे नेते ओजुक्वू हे त्यांचेच चिरंजीव.

६/ उमेदवारीची रीत अशी. मुलगा जाणता होऊ लागला की त्याला ‘ओगा’कडे, म्हणजे धन्याकडे, सोपवले जाई. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी बसून मुदत ठरवत. ती बहुधा पाच ते सात वर्षांची असे. राहणे, जेवण, कपडे धन्याकडे. करार तोंडी आणि साक्षीला नातलग व गावकरी.

७/ आरंभी झाडलोट, घरकाम आणि ओझी वाहणे. मग मालाची पारख, भावाची घासाघीस, गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत. पुढे गल्ला, उधारी, वसुली. अखेरच्या वर्षांत परगावी जाऊन एकट्याने खरेदी करणे किंवा धन्याच्या पश्चात दुकान चालवणे. दुसऱ्याचा पैसा हाताळताना मुलाची नियतही पारखली जाई.

८/ मुदत भरली की येतो या व्यवस्थेचा प्राण, म्हणजे ‘सेटलमेंट’. सेवा पूर्ण करणाऱ्याला धनी स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल देतो. ते रोख रक्कम, माल किंवा दुकानाचे भाडे अशा कोणत्याही रूपात असू शकते. पैशाइतकीच मोलाची असते ती पत : धन्याच्या शब्दावर पुरवठादार या नवख्यालाही उधारीवर माल देतात.

९/ हा नवखा बहुधा त्याच धंद्यात, कधी तर त्याच बाजारात दुकान थाटतो. म्हणजे धनी स्वतःच्या पैशाने स्वतःचा प्रतिस्पर्धी उभा करतो! मात्र इग्बो समाजात धन्याची प्रतिष्ठा त्याने किती जणांना उभे केले यावरही मोजली जाते. शिवाय माल, बातमी आणि उसनवारी यांसाठी एक विश्वासू वर्तुळ तयार होते. ‘आपल्या भावंडाला कोणी मागे टाकू नये’ ही इग्बो म्हण येथे धंद्याचा नियम बनते. पुढे तो नवा दुकानदारही आपल्या हाताखाली मुले घेतो.

१०/ न्नेवीत याचे फळ स्पष्ट दिसते. येथील व्यापाऱ्यांनी मोटारी व मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या बाजारात जम बसवला आणि तैवानच्या पुरवठादारांशी थेट संबंध जोडले. १९८० च्या दशकात परकीय चलनाची टंचाई आली. १९८६ च्या आर्थिक पुनर्रचनेनंतर नायरा घसरला आणि आयात महागली. तेव्हा त्यांपैकी काहींनी तैवानहूनच यंत्रे आणि तंत्रज्ञान मिळवून कारखाने काढले. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून जनरेटरही स्वतःचेच.

११/ इनोसंट चुक्वुमा यांना अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही. ते सुट्या भागांच्या धंद्यात उमेदवार म्हणून राहिले, पुढे मोटारसायकलींच्या व्यापारात उतरले आणि २०१० मध्ये न्नेवीत त्यांच्या इनोसन कंपनीचा वाहनकारखाना सुरू झाला. कोस्मास मदुका नात्यातल्या धन्याकडून अवघे २०० नायरा घेऊन बाहेर पडले. त्यांनी पुढे कोशारिस हा उद्योगसमूह उभारला.

१२/ तथापि या प्रथेचे केवळ गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. मदुकांच्या २०० नायरांतच तिचे दुखणे दिसते : सेटलमेंट किती, हे पूर्णपणे धन्याच्या मर्जीवर. मुदत संपत आली की चोरीचा आळ घेऊन मुलाला रिकाम्या हाती हाकलल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. लेखी करारच नसेल, तर सात वर्षांच्या श्रमाचा दावा तो मांडणार कुठे?

१३/ उलट बाजूही आहे. गल्ल्यावर हात मारून पसार होणाऱ्या उमेदवारांमुळे धनीही सावध झाले. कित्येक मुलांची शाळा सुटली. मुलींना या वाटेवर फारच कमी जागा मिळाली. गावची पंचमंडळी आणि नात्यांचा धाक होता तोवर तोंडी शब्द पाळला जाई. लागोससारख्या महानगरात तो धाक विरळ होतो.

१४/ अमेरिकी लेखक रॉबर्ट न्यूविर्थ यांनी २०१७ च्या एका व्याख्यानात या प्रथेचा जगातील सर्वांत मोठे उद्योग-संवर्धन केंद्र म्हणून गौरव केला. त्यानंतर तिच्याविषयीचे कुतूहल वाढले. तिला लेखी करार आणि शालेय शिक्षणाची जोड द्यावी, असा आग्रहही नायजेरियात धरला जातो.

१५/ तरुणांना उद्योजकतेचे धडे देणाऱ्या संस्था आज आफ्रिकेत पुष्कळ आहेत. प्रमाणपत्र हाती पडले की त्यांतील बहुतेकांचे काम संपते. इग्बा बोईत शिकणाऱ्याचे स्वतःचे दुकान उघडेपर्यंत शिकवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. वीस पौंडांवर आलेला समाज सावरला तो या जबाबदारीच्या बळावर. आणि ती जिथे झटकली गेली, तिथे एका मुलाच्या आयुष्याची सात वर्षे बुडाली.