गावाची कर्मशाळा : बडोदे ते पाबळ

उत्तर कन्नड जिल्ह्यातील, म्हणजे जुन्या पिढीच्या बोलण्यातील कारवार जिल्ह्यातील, जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या रानात विखुरलेल्या लहान लहान वाड्यांचा प्रदेश. पूर्वी त्याचे नाव सुपे तालुका. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. वाचकांचा या रानाशी एक संबंध आहे, तो सहसा ध्यानात येत नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्स या कंपनीचा कारखाना शेजारच्या दांडेलीस उभा राहिला आणि या भागातील बांबूचा कागद होऊ लागला. पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी पुढे आपल्या अभ्यासातून दाखवून दिले, की कारखान्यांस बांबू नाममात्र दराने मिळे. टोपल्या विणणाऱ्या कारागिरास मात्र तोच बांबू बाजारात अनेक पटींनी महाग पडे. कच्चा माल रानाबाहेर जात राहिला आणि त्यावर हात चालविणारा माणूस मागे पडला.

ही कथा एकट्या जोयड्याची नव्हे. गावचा माल, गावची गरज आणि गावचे हात यांची गाठ घालून देणारी जागा कोणती, हा प्रश्न गेल्या शतकात अनेकांना पडला. त्याचे उत्तर शोधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील काहींचा हा त्रोटक आढावा.

जुन्या गावगाड्यात अशी जागा नव्हती, असे नाही. पेरणीपूर्वी लोहाराच्या भट्टीशी आणि सुताराच्या अंगणात सारा गाव जमे; कोणी फाळ पाजवून घेई, कोणी नांगर दुरुस्त करून घेई. परंतु तेथे काम करून घेण्याचा हक्क सर्वांस असला, तरी शिकण्याचा नव्हता. विद्या बापाकडून मुलाकडे जाई. लोहाराच्या घरी न जन्मलेल्याने घण उचलावा, अशी रीत नव्हती. आणि पोथी वाचणाऱ्यास तर घण उचलणे कमीपणाचे वाटे. अक्षरविद्या एका घरात आणि हस्तविद्या दुसऱ्या घरात, अशी ही वाटणी होती. तिने दोन्ही घरांचे नुकसान केले.

ही वाटणी मोडण्याचा एक मोठा प्रयत्न महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या बडोद्यात झाला. १८९० साली तेथे कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा, की धंद्याचे शास्त्र देशी भाषांतून शिकविले गेले पाहिजे. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचे विद्यार्थी होते. याच संस्थानाने १९१० पासून गावोगावी मोफत ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, हे या प्रसंगी आठवणे उचित होईल. ग्रंथालय आणि कर्मशाळा ही दोन्ही प्रजेच्या शिक्षणाची अंगे होत, असे त्या राजाने मानले होते.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. हस्तोद्योग हा शिक्षणाचा एक तास नसून त्याच्याच द्वारे इतर विषय शिकविले जावेत, हे तिचे सूत्र. १९३८ साली वर्ध्यास मगन संग्रहालय उघडले. ग्रामोद्योगांची साधने तेथे लोकांस पाहावयास मिळू लागली. परंतु स्वातंत्र्यानंतर बहुतेक शाळांत ही कल्पना आठवड्यातील एखाद्या तासापुरती उरली. परीक्षा लेखणीची, म्हणून मानही लेखणीलाच.

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी घडलेला प्रयोग लक्षणीय ठरतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील शास्त्रज्ञ. मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून ते पाबळला आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेल्या, परीक्षेत मागे पडलेल्या मुलांना त्यांनी जवळ केले. लोहारकाम व जोडकाम, बांधकाम, शेती व पशुपालन, वीज व ऊर्जा, घर व आरोग्य, असे सर्व प्रकारचे काम मुलांनी करावे आणि करता करता त्यामागील शास्त्र शिकावे, अशी तेथील पद्धत. माध्यमिक शाळांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला, त्यास शालान्त परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली. मुले गावात जाऊन माती तपासून देत, दुरुस्ती करून देत आणि त्याचे दामही घेत. वस्तू टिकली नाही तर गिऱ्हाईक परत येणार. गुणपत्रिकेपेक्षा ही कसोटी कडक होती.

हाताचे शिक्षण म्हणजे नापासांचे शिक्षण, हा समाजाचा समज. शिकण्याची नैसर्गिक रीत तीच, म्हणून ती सर्वांसाठी हवी, हे कलबागांचे म्हणणे. या दोहोंतील झगडा हाच या प्रयोगाचा गाभा होय. तो पुरता मिटला आहे, असे आजही म्हणवत नाही.

२००२ साली या आश्रमाचे नाव दूरवर गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेचे प्रा. नील गर्शेनफेल्ड यांनी संगणकाच्या आज्ञेने कापणारी व कोरणारी यंत्रे सामान्य माणसाच्या हाती द्यावयाची योजना आखली होती. अशा जागेस त्यांनी फॅब लॅब हे नाव दिले. त्या संस्थेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. आज शंभरांहून अधिक देशांत अशा कर्मशाळा आहेत. पाबळला यंत्रे आली, तेव्हा ती वापरण्याचे कारण गावात आधीच तयार होते. दुधाची प्रत कशी जोखावी, डिझेल इंजिन नीट कसे चालावे, हे प्रश्न तेथील शेतकऱ्यांचे होते. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. त्यांच्या मागे काम चालू राहिले, कारण ते विद्यार्थ्यांच्या हातांत उतरले होते.

जोयड्यासारख्या तालुक्यास या इतिहासाचा बोध कोणता? तेथे वाडीपासून वाडी दूर, शहरातील मिस्त्री त्याहून दूर. बांबू, कंदमुळे, रानचा मेवा यांवरील प्रक्रिया तेथेच व्हावयाची, तर हत्यारे सामायिक असली पाहिजेत आणि ती चालविणारे, दुरुस्त करणारे हातही तेथलेच असले पाहिजेत. नुसती यंत्रे आणून खोली भरली, तर तिला कुलूप लागावयास वेळ लागत नाही.

आपणा ग्रंथालयाच्या सभासदांना हे वेगळे सांगावयास नको. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली घालून दिलेला पहिला नियम आपण जाणतो. कपाटातील पुस्तकास तो जसा लागू, तसाच तो करवतीस आणि ऐरणीसही लागू आहे. शंभर वर्षे पुस्तके सामायिक ठेवण्याची सवय ज्या संस्थेने आपल्या सभासदांस लावली, तिने शेजारच्या खोलीत चार हत्यारे व एक शिकविणारा कारागीर यांना जागा देण्याचा विचार शताब्दीच्या वर्षी करावा, एवढेच सुचवावेसे वाटते.