श्रोत्यांची नोंदवही

बारावीची परीक्षा उतरलेला मुलगा किंवा मुलगी ‘मला मास मीडियाचा अभ्यास करावयाचा आहे’ असें म्हणूं लागली, कीं घरांत जो प्रश्न निघतो तो आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. बोलणें, लिहिणें, चित्रें काढून जगाला दाखविणें हें सर्व हातांतल्या फोनवर रोजच चाललें आहे. त्यासाठीं विद्यापीठांत तीन वर्षें कशाला घालवावयाचीं? प्रश्न अगदींच वेडगळ नाहीं. त्याचें उत्तर शोधावयाचें तर ही विद्या विद्यापीठांत शिरली कशी हें पाहिलें पाहिजे. आणि तिनें प्रवेश केला त्यांतलें एक दार रेडिओचें होतें, म्हणून तो वृत्तान्त येथून सांगण्यांत थोडें औचित्यहि आहे.

वृत्तपत्रव्यवसायाचें शिक्षण त्याआधींच सुरू झालें होतें. अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठानें १९०८ मध्यें त्याची स्वतंत्र शाळा काढली. गंमत अशी, कीं तिचे पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स यांच्यापाशीं स्वतःची अशी कॉलेजची पदवी नव्हती! पण तें शिक्षण कसबाचें होतें. बातमी कशी मिळवावी, कशी लिहावी याचें. ती वाचून वा ऐकून माणसांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न निराळा, आणि तो रेडिओनें विशेष निकडीचा केला. वृत्तपत्राचा खप निदान मोजतां येतो. रेडिओवर बोलणाऱ्यास मात्र पलीकडे कोण आहे, किंबहुना कोणी आहे कीं नाहीं, हेंहि दिसत नाहीं. मायक्रोफोनपुढें बसलें म्हणजे या अज्ञानाची जाणीव फार लवकर होते, हें मी अनुभवानें सांगतों.

व्हिएन्ना शहरांत पॉल लाझार्सफेल्ड नांवाचे तरुण विद्वान होते. त्यांची पदवी गणिताची, ओढ समाजवादाची आणि उद्योग मानसशास्त्राचा. तेथील रेडिओ-कंपनीसाठीं त्यांच्या संस्थेनें १९३१-३२ मध्यें श्रोत्यांची पाहणी केली व लाखाहून अधिक श्रोत्यांचीं उत्तरें जमविलीं. १९३३ मध्यें ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. मागें ऑस्ट्रियांत असा पालट झाला, कीं ज्यू आणि समाजवादी मनुष्यास परतण्याजोगें घर तेथें उरलें नाहीं. १९३७ मध्यें प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आश्रयानें रेडिओ-संशोधनाचें कार्यालय निघालें, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. आणि पुढें तें कार्यालय कोलंबिया विद्यापीठांत गेलें.

येथें लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी फ्रँक स्टँटन यांनीं एक यंत्र रचलें. श्रोत्यांचा लहानसा गट खोलींत बसवावयाचा. प्रत्येकापाशीं दोन बटणें, एक हिरवें व एक तांबडें. कार्यक्रम आवडला तर हिरवें दाबावें, नावडला तर तांबडें. दोन्ही न दाबलीं तर मन उदासीन आहे असें समजावें. सरकत्या कागदावर लेखण्या प्रत्येकाची रुचि-अरुचि क्षणाक्षणाला टिपून ठेवीत. आजच्या ‘लाइक’ची ही आजीच म्हणावयाची.

१९४१ च्या नोव्हेंबरांत लाझार्सफेल्ड यांनीं आपले नवे सहाध्यापक रॉबर्ट मर्टन यांना सपत्नीक जेवावयास बोलाविलें, आणि ऐन वेळीं यजमान पाहुण्यांना घेऊन हें यंत्र पाहण्यास निघून गेले. जेवण व दोघी गृहिणी मागेंच राहिल्या. त्यांचें मत इतिहासानें नोंदविलेलें नाहीं. बटणांचा प्रयोग संपल्यावर श्रोत्यांना ‘अमुक ठिकाणीं तांबडें कां दाबलेंत?’ असें विचारण्यांत येई. तें विचारणें मर्टन यांना फार ओबडधोबड वाटलें, व तसें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. त्यांतूनच मुलाखतीची एक नवी पद्धति जन्मास आली व दोघांचें सहकार्य पुढें अनेक वर्षें टिकलें. मला या प्रसंगाचें महत्त्व मोठें वाटतें. बटण केव्हां दाबलें हें यंत्र सांगे. कां दाबलें हें मात्र माणसापाशीं बसून विचारावें लागे. या विद्येचे दोन पाय हेच.

ही परंपरा आपल्या अंगणांतहि आली होती. १९५६ मध्यें पुणें, नाशिक, कोल्हापूर, उत्तर सातारा व तेव्हांचा अहमदनगर या पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत शेतकऱ्यांचीं रेडिओ-मंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम ऐकावयाचा व मग त्यावर चर्चा करावयाची. असे वीस कार्यक्रम झाले. परिणामाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केली, आणि तिचे सूत्रधार होते पॉल न्यूराथ, व्हिएन्नाचेच निर्वासित व कोलंबियांत लाझार्सफेल्ड यांच्यापाशीं काम केलेले. निष्कर्ष असा निघाला, कीं मंडळांच्या गांवीं लोकांचें ज्ञान पुष्कळ वाढलें. जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तेथें फारच थोडें. रेडिओच्या अभिमान्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां आजचा काळ. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें. पुढें प्रत्येकाच्या खिशांत तें बटणांचें यंत्र आलें, आणि दाबलेलें प्रत्येक बटण टिपलें जाऊं लागलें. पण नोंदवही विद्यापीठाच्या हातून गेली. ती कंपन्यांच्या कोठारांत आहे. १९१२ नव्हे, २०१२ च्या जानेवारींतली गोष्ट. फेसबुकनें आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांपुढें येणारा मजकूर बदलून पाहिला: कोणाला आनंदाचे शब्द कमी दाखविले, कोणाला दुःखाचे, व त्यांचें स्वतःचें लिहिणें बदलतें कीं काय तें तपासलें. निबंध २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. लेखकांत कॉर्नेल विद्यापीठांतले अभ्यासकहि होते. परिणाम अगदीं सूक्ष्म आढळला. पण त्या पावणेसात लाखांवर माणसांपैकीं कोणास या प्रयोगाविषयीं विचारलेंच नव्हतें, आणि पुष्कळ गवगवा झाल्यावर त्या नियतकालिकास आपली चिंता छापून व्यक्त करावी लागली. कोलंबियाच्या खोलींतल्या श्रोत्याला आपण बटण दाबतों आहोंत हें निदान ठाऊक तरी होतें.

पुढें जीं दारें थोडीं उघडीं होतीं तींहि लोटण्यांत आलीं. २०२३ मध्यें ट्विटरनें अभ्यासकांची विनामूल्य वाट बंद केली. ऑगस्ट २०२४ मध्यें फेसबुकच्या मालक-कंपनीनें क्राउडटँगल हें पाहणीचें साधन मिटवून टाकलें. युरोपीय संघानें मात्र २०२२ च्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर संशोधकांस माहिती देण्याचें बंधन घातलें.

यामुळें या विषयाच्या विद्यार्थ्यास आज आकडेशास्त्र व संगणकाची भाषा शिकावी लागते, कायदा वाचावा लागतो, आणि मर्टन यांनीं शिकविलेलें माणसापाशीं बसणेंहि सुटत नाहीं. नुसता कॅमेरा धरावयास शिकविणारा वर्ग पाहून आईबापांनीं कुरकुर केली तर मी त्यांच्याच बाजूचा आहें. नेदर्लंड्समधील विद्यापीठांत तर अभ्यासक नागरिकांच्या दारीं जातात. २०१८ पासून युरोपांत अंमलांत असलेल्या कायद्यानें प्रत्येकास कंपनीकडून स्वतःच्या माहितीची प्रत मागतां येते. ती प्रत मागवून घेऊन त्यांतलें आपणांस जें द्यावेंसें वाटेल तेवढेंच तो गृहस्थ किंवा ती गृहिणी आपल्या हातानें विद्यापीठास देते, आणि मग अभ्यासक त्यांना विचारतो, कीं अमुक रात्रीं आपण हें इतका वेळ कां पाहत बसलां होतां?