बाईच्या शरीराची किंमत कोणी मोजायची? 1928 ते बीड

दरवर्षी 8 मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांमध्ये महिलांच्या आरोग्यावर व्याख्याने होतात. पाळी, पीसीओडी, थायरॉईड, रजोनिवृत्ती, हार्मोन्सचे असंतुलन हे शब्द आता ऑफिसात उघडपणे बोलले जातात. ही गोष्ट चांगलीच आहे, आमचा तिला विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा विषय भारतात कालपरवा एखाद्या कंपनीच्या एचआर विभागाने शोधून काढला, असे जे भासवले जाते ते खरे आहे का? आणि झाडू मारणारी, विडी वळणारी, ऊस तोडणारी बाई या चर्चेत नेमकी कुठे आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. त्याआधी 1924 मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात असाच प्रयत्न केला होता, तो सरकारने आणि मालकवर्गाने हाणून पाडला होता. विरोधकांचा युक्तिवाद सोपा होता : खर्च वाढेल, धंदा बुडेल आणि मालक बायकांना कामावर ठेवणेच बंद करतील.

बाबासाहेब त्या दिवशी या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची मांडणी होती. हा खर्च मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, कारण जनतेचे कल्याण हे सरकारचे काम आहे, हेही त्यांनी मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला हात झटकता येणार नाहीत. मालक बाईला कामावर ठेवतो ते उपकार म्हणून नाही, तिच्या श्रमातून त्याला फायदा होतो म्हणून. मग ज्या शरीरातून फायदा काढायचा, त्या शरीराची जबाबदारीही त्यानेच घेतली पाहिजे.

या मांडणीतला दयेचा अभाव लक्षात घ्या. अबला, माता, देवी असले एकही विशेषण तिला लागत नाही. बाई कामगार आहे, तिच्या शरीराला काही काळ विश्रांती लागते आणि त्या विश्रांतीचा खर्च हा उत्पादनाचाच खर्च आहे, एवढाच हिशेब त्यात आहे.

1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. जास्तीत जास्त सात आठवडे, रोज आठ आणे. रक्कम तुटपुंजी होती आणि कायदा कारखान्यापुरता होता. शेतमजूर, मोलकरीण, सफाई कामगार बाई त्याच्या बाहेरच राहिली. पण एक तत्त्व कायद्यात आले : काम न केलेल्या दिवसाचे पैसे बाईला मिळू शकतात, कारण तिचे शरीर यंत्र नाही.

पुढचा टप्पा 1938 चा. 10 नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. मूल कधी व्हावे, किती व्हावीत, याचा निर्णय बाईला करता यावा हा विचार त्या सभागृहाला पचणारा नव्हता.

पण हा इतिहास फक्त बाबासाहेबांचा नाही, आमच्या आज्यांचाही आहे. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो बायका आल्या होत्या. तिथे घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध याबरोबरच गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांसाठी ठराव झाला : वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान 15 रुपये पेन्शन. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, त्या बायका पगारी रजा मागत होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले नसते, तर या बायकांची नावे आपल्यापर्यंत किती पोहोचली असती, हा प्रश्नच आहे.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. 1943 मध्ये खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. याच काळात युद्धासाठी कोळसा हवा म्हणून सरकारने बायकांच्या भूमिगत कामावरची बंदी उठवली, आणि 1944 मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना सभागृहात त्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. आम्ही ही गोष्ट लपवत नाही, कारण भक्ती हा आंबेडकरी मार्ग नाही. पण त्यांनी पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी हे तत्त्व तिथेही लावून धरले, आणि फेब्रुवारी 1946 पासून ती बंदी पुन्हा लागू झाली, हेही सांगितले पाहिजे. पुढे संविधानाच्या कलम 42 ने कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य ही राज्याची जबाबदारी ठरवली.

1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने 12 आठवडे दिले, 2017 च्या दुरुस्तीने 26 केले. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे अशीही तरतूद झाली. पण दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायकांना हा कायदा आपल्यालाही लागू आहे हे सिद्ध करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल त्यांच्या बाजूने लागला तो 8 मार्च 2000 रोजी, म्हणजे कायदा होऊन 39 वर्षांनी! कायदा कागदावर सगळ्यांचा असतो, हाती मात्र ज्याची नोकरी पक्की त्याच्याच लागतो. आणि आपल्या देशात पक्की नोकरी कोणाकडे आणि कंत्राट कोणाकडे, हे जात ठरवते.

आता बीडकडे या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आकडा आला : पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली. शंभरात जवळपास 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

हे का होते? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला की दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीचे कापड बदलायला आडोसा नाही. ओटीपोटात दुखू लागले, अंगावरून जाऊ लागले की खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी काढायचा सल्ला देतो. पाळी गेली की खाडा गेला! आणि पिशवी काढायला पुन्हा उचल.

पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर शरीरातले इस्ट्रोजेन एकदम कमी होते. साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान येणारी रजोनिवृत्ती तिशीतच येते. हाडे ठिसूळ होतात, अंगाची लाही होते, झोप उडते. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढतेच. एका बाईला ऑफिसात हार्मोन्सवर व्याख्यान मिळते, दुसरीच्या शरीरातून हार्मोन्सचा स्रोतच काढून टाकला जातो. दोघींचे कामाचे ठिकाण एकाच राज्यात आहे.

पाळीच्या रजेचा वाद याच पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. बिहारने 1992 मध्येच सरकारी नोकरीतील बायकांना महिन्याला दोन दिवस दिले. कर्नाटक मंत्रिमंडळाने 2025 मध्ये वर्षाला 12 दिवसांचे धोरण मंजूर केले. यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, ही रजा म्हणजे विटाळ मागच्या दाराने परत आला. आम्हाला हे पटत नाही. विटाळात बाईला दुसरे कोणी बाहेर बसवते, तिला विचारत नाही आणि तिच्या हातचे कामही थांबवत नाही. हक्काच्या रजेत ती स्वतः ठरवते आणि तिची मजुरी बुडत नाही. ज्या समाजाने विटाळ स्वतःच्या अंगावर सोसला, त्याला एवढा फरक कळायला हवा.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. सक्तीची रजा दिली तर मालक बायकांना नोकरीच देणार नाहीत, अशी चिंता 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्यक्त केली. ही भीती खोटी नाही. मुंबईच्या गिरण्यांमधले बायकांचे प्रमाण पुढच्या काळात घसरत गेले. त्याला इतरही कारणे होती, पण हेही एक होते. मात्र याचे उत्तर 1928 मध्येच दिले गेले आहे : खर्च मुख्यतः सरकारने उचलावा. बाईच्या रजेचा पूर्ण भार एकट्या मालकावर टाकला की बाई 'महाग' होते. तो सगळ्यांच्या वर्गणीतून भागवला, तर बाईला नाकारण्याचे कारणच उरत नाही. राज्य कामगार विमा योजनेत हेच होते. आपण मात्र 1929, 1961 आणि 2017 अशी तिन्ही वेळा ही अर्धी गोष्ट विसरलो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रसूती, पाळी आणि रजोनिवृत्तीच्या त्रासासाठीची पगारी रजा सार्वजनिक निधीतून द्या आणि तो निधी ऊसतोड, सफाई, बांधकाम आणि घरकामगार बायकांपासून सुरू करा. खाड्याचा दंड बेकायदेशीर ठरवा. फडावर पाणी आणि संडासाची जबाबदारी साखर कारखान्यावर टाका. पिशवी काढण्याआधी सरकारी दवाखान्यातील दुसऱ्या डॉक्टरचे मत मोफत मिळालेच पाहिजे.

आणि आंबेडकरी तरुणांनो, एक काम आपलेही आहे. आपल्या जयंती मंडळात, आपल्या संघटनेत, आपल्या विहारात हा विषय 'बायकांचा' म्हणून बाजूला ठेवला जातो. 1928 मध्ये बाबासाहेबांनी तो तसा ठेवला नव्हता. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या वस्तीतल्या बाया परत येतील, तेव्हा किती जणींची पिशवी काढली गेली याची नोंद तरी ठेवायला सुरुवात करूया. त्यांच्या संमतीने आणि त्यांची नावे जपून. मोजल्याशिवाय सरकार ऐकत नाही, हे बीडने दाखवून दिले आहे.

जय भीम!